थकलेले घोडे, कलणारं भांडं: मर्यादेबद्दल जुने चिनी ग्रंथ नेमकं काय सांगतात?

मधुमालती

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या 'प्राचीन चिनी शहाणपणा'ची साथ आली आहे. बांबू, धुकं, एखादं कासव आणि खाली 'आपली मर्यादा ओळखा, सुखी राहा'. त्याखाली लाओ-त्सेचं नाव. इतकं गुळगुळीत कोणी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी बोललं असेल हे पटेना, म्हणून हे ग्रंथ भाषांतरातून वाचायला घेतले. मूळ मजकूर सुविचारांपेक्षा कितीतरी तिखट निघाला. दोन गोष्टी इथे देते, जाणकारांनी भर घालावी.

पहिली च्वांग-त्से या ताओवादी विचारवंताच्या नावावर असलेल्या ग्रंथातली, एकोणिसाव्या प्रकरणातली. तुंगये नावाचा सारथी राजाला आपलं कसब दाखवायला येतो. रथ पुढे-मागे नेतो तो सुतात, आणि वळवतो तो कंपासने काढावा तसा गोल. राजा बेहद्द खूश. म्हणतो, मार आता शंभर फेऱ्या. यन ह नावाच्या गृहस्थाला वाटेत हा रथ दिसतो. तो राजाकडे जाऊन सांगतो, "तुंगयेचे घोडे आता बसणार." राजा गप्प. थोड्याच वेळात तुंगये परत येतो, घोडे खरंच बसलेले. राजा विचारतो, तुला कसं कळलं? यन ह म्हणतो, घोड्यांचा दम संपला होता आणि तरी तो मागतच होता.

बस, एवढीच गोष्ट. सारथ्याच्या हाकण्यात तसूभरही खोट नव्हती, हे मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरी शुन-त्से या कन्फ्यूशियसपंथी विचारवंताच्या ग्रंथातली. कन्फ्यूशियस लू संस्थानात एका दिवंगत राजाच्या देवळात जातो. तिथे एक तिरकं भांडं दिसतं. राखणदार सांगतो, हे राजाच्या आसनाशेजारी ठेवायचं भांडं. कन्फ्यूशियस शिष्यांना म्हणतो, ओता पाणी. रिकामं असताना ते कललेलं, निम्मं भरलं की ताठ उभं, आणि काठोकाठ भरलं की सगळं पाणी सांडून उलटं.

लाओ-त्सेच्या नावावरचा ग्रंथही हेच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतो. चवड्यांवर उभा राहिलेला फार वेळ टिकत नाही (प्रकरण २४), कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याला धोका नाही (प्रकरण ४४).

प्रश्न असा, की हे सांगणं नेमकं कोणासाठी आहे? घोड्यासाठी, सारथ्यासाठी की राजासाठी?

कायप्पाग्रस्त

अंथरूण पाहून पाय पसरावे. आमच्या आजीने दोन सेकंदांत सांगितलं असतं. चीनपर्यंत कशाला गेलात?

नटबोल्ट

@कायप्पाग्रस्त, आजीने भांडं नसतं बनवलं. :)

ते भांडं जमतं कसं यावर कालची संध्याकाळ गेली. दोन बाजूंना खुंट्या, त्यांवर भांडं झुलतं. खुंट्या भांड्याच्या साधारण मध्याच्या किंचित वर. घडणच अशी करायची की रिकाम्या भांड्याचा गुरुत्वमध्य एका अंगाला राहील, म्हणून ते कलतं. निम्मं पाणी तळाशी बसलं की एकूण गुरुत्वमध्य खुंट्यांच्या बरोबर खाली येतो आणि भांडं सरळ होतं. आणखी ओतत गेलात की पाण्याची पातळी चढते, गुरुत्वमध्य खुंट्यांच्या वर सरकतो, मग जरा धक्का लागला की गेलं. पुढे चीनमध्ये अशी भांडी पुन्हा पुन्हा बनवली गेली. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात चिंग काळातलं सोन्याचा मुलामा दिलेलं एक आहे.

आणि एक. यात 'रिकामं' हीसुद्धा चांगली अवस्था नाही, हे सुविचारवाले विसरतात. रिकामं भांडंही कललेलंच असतं.

पूर्वेचा वारा

मी शांघायजवळ राहतो, म्हणून थोडं इथलं. इथे पालक एकमेकांना टोमणा मारतात तो 'रोपं उपटून वाढवणं' असा. चार वर्षांच्या पोराला गणिताच्या क्लासला घातलं की कोणीतरी बोलतोच. गोष्ट मेन्सियस या कन्फ्यूशियसपंथी विचारवंताच्या ग्रंथातली. सोंग संस्थानातल्या एका शेतकऱ्याला वाटलं की आपली रोपं वाढतच नाहीत. म्हणून त्याने एकेक रोप धरून थोडं थोडं वर ओढलं. घरी दमून आला आणि म्हणाला, आज फार थकलो, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा पळत शेतात गेला तर सगळी रोपं सुकलेली.

दुसरी हानतान शहराची. शोउलिंगचा एक तरुण हानतानच्या लोकांची ऐटबाज चाल शिकायला गेला. ती आली नाहीच, आपली मूळचीही विसरला आणि रांगत घरी गेला. ही च्वांग-त्सेच्या सतराव्या प्रकरणात येते. हानतान आजही हपे प्रांतात आहे आणि तिथे 'चालायला शिकण्याचा पूल' नावाचा जुना दगडी पूल आहे. स्वतःच्या फजितीवर खूश असलेलं शहर मला आवडलं. (फजिती पाहुण्याची होती हे खरं.)

भातवाला

पूर्वेचा वारा, रोपांची गोष्ट आमच्याकडे सांगितली तर लोक हसतील. आम्ही तरवा उपटूनच काढतो, जुड्या बांधतो आणि चिखलात लावणी करतो. रोप मरत नाही, पाण्यात चार दिवस पिवळं पडतं, मग धरतं आणि फुटवे टाकतं. मेन्सियसने कधी भात लावला नसणार.

पूर्वेचा वारा

भातवालेदादा, मुद्दा सोळा आणे. पण सोंग संस्थान म्हणजे आजच्या हनान प्रांताचा पूर्व भाग. तिकडचं त्या काळचं मुख्य पीक भात नव्हे, राळे. कोरड्या जमिनीत पेरलेलं रोप जागेवरच वर ओढलं की तंतुमुळं तुटतात, मातीची पकड सुटते, आणि तुमच्यासारखं त्याला लगेच पाण्यात कोणी रोवत नाही. सुकणारच.

तिथेच मेन्सियस आणखी एक गोष्ट म्हणतो, ती टोमणा मारणारे सोडून देतात. त्याच्या मते वाढायला 'मदत' करणारा म्हणजे रोप उपटणारा. आणि काही उपयोग नाही म्हणून सोडून देणारा म्हणजे खुरपणीच न करणारा. दोघंही त्याला मान्य नाहीत.

भातवाला

खुरपणीचं म्हणालात, मग माणूस शेतातला होता. मागे घेतो. :)

वैद्यबुवा

वाचतोय. माझ्या कामाचं थोडं टाकतो.

थांग काळात सुन स-म्याओ नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. इ.स. ६५२ च्या सुमाराचा त्याचा औषधांवरचा मोठा ग्रंथ आजही चिनी वैद्यकाचे विद्यार्थी वाचतात. निगा कशी राखावी, तर तो म्हणतो, नेहमी थोडे श्रम करत राहावे, पण फार दमू नये आणि जे सोसवत नाही ते बळजबरीने करू नये. लगेच पुढे दाखला देतो की वाहतं पाणी नासत नाही आणि दाराच्या बिजागरीला कीड लागत नाही, कारण त्या हलत असतात. म्हणजे 'मर्यादा' म्हणून लोळत पडायची सोय नाही.

त्याहून जुन्या 'पिवळ्या सम्राटाच्या' वैद्यक ग्रंथात तर यादीच आहे. फार वेळ बघत राहिलं की रक्ताला इजा, पडून राहिलं की प्राणशक्तीला, बसून राहिलं की मांसाला, उभं राहिलं की हाडांना, चालत राहिलं की स्नायूंना. लोळणंही अतिश्रमांच्याच रांगेत! माझ्याकडे येणाऱ्या आयटीवाल्यांना पहिली आणि तिसरी ओळ चिकटते.

आपल्याकडे वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं सांगितलंय, तेही थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहून कमी. अर्धी शक्ती ओळखायची कशी, तर कपाळावर, नाकावर, काखेत घाम येतो, तोंडाला कोरड पडू लागते, तिथे थांबा. दोन्हीकडे वैद्याला हवी होती ती खूण, आकडा नव्हे. मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलं म्हणतं म्हणून गुडघा दुखत असताना जिन्यात येरझाऱ्या घालणाऱ्या पेशंटांना मी हेच सांगतो. ऐकत नाहीत ते सोडा.

निवृत्त मास्तर

चर्चा छान चालली आहे, पण जरा उलट बाजू. कन्फ्यूशियसचा रान च्यू नावाचा शिष्य एकदा म्हणतो, गुरुजी, तुमचा मार्ग आवडत नाही असं नाही, पण माझी शक्ती कमी पडते. यावर कन्फ्यूशियस त्याला चांगलाच धरतो. म्हणतो, ज्याची शक्ती खरोखर कमी पडते तो अर्ध्या वाटेवर कोसळतो. तू तर आत्ताच रेघ आखून बसला आहेस.

पस्तीस वर्षं शाळेत घालवली, त्यामुळे हा रान च्यू माझ्या ओळखीचा. 'सर, गणित आपल्याला झेपत नाही' म्हणणाऱ्या दहांपैकी आठ मुलांनी वही उघडलेलीच नसते. मर्यादा कळायला आधी चालावं तर लागेल ना? घोड्यांचा दम संपला हे यन हला दिसलं, कारण घोडे धावले होते. तबेल्यातल्या घोड्याची मर्यादा कोण सांगणार?

उलटतपासणी

मास्तरांशी सहमत, आणि मी एक पाऊल पुढे जातो. हा विषय निघाला की माझे कान टवकारतात. 'आपली नैसर्गिक मर्यादा ओळख' हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी कोणाला ऐकवलं? ज्याच्या हातात पळी-पंचपात्र होतं त्याने, ज्याच्या हातात झाडू होता त्याला. च्वांग-त्सेच्या आठव्या प्रकरणात म्हटलंय की बदकाचे पाय आखूड म्हणून ओढून लांब केले तर त्याला दुःख होईल, करकोच्याचे लांब म्हणून छाटले तर त्याला. बदकापुरतं ठीक. पण माणसांत बदक कोण आणि करकोचा कोण हे ठरवणारा नेहमी करकोचाच असतो, त्याचं काय? चीनमध्ये हा प्रश्न कोणी विचारला की नाही?

मधुमालती

विचारला, आणि फार नेमका विचारला. उलटतपासणी, तुमच्यासाठीच हा लांब प्रतिसाद.

च्वांग-त्सेचा ग्रंथ आज ३३ प्रकरणांचा आहे. हान काळच्या सूचीत तो ५२ प्रकरणांचा नोंदलाय. काटछाट करून आजचं रूप दिलं ते क्वो श्यांग या टीकाकाराने. तो इ.स. ३१२ मध्ये वारला. पहिली सात प्रकरणं बहुधा च्वांग-त्सेची स्वतःची, बाकीची पुढच्या लोकांची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तुमचं बदक या बाकीच्यांतलं.

आता पहिल्याच प्रकरणात फंग नावाचा प्रचंड पक्षी आहे. नव्वद हजार ली (अंतराचं चिनी माप) उंच चढून तो दक्षिण समुद्राकडे निघतो. त्याला एक किडा आणि एक छोटं पाखरू हसतात, की आम्ही या झाडावरून त्या झाडावर जातो, कधी तेही जमत नाही तर जमिनीवर पडतो, याला एवढ्या उंच जायचं काय नडलंय? साधं वाचलं तर च्वांग-त्से पाखराची थट्टा करतोय. लहान जाण मोठ्या जाणेला पुरी पडत नाही, असं तो तिथेच म्हणतो. क्वो श्यांगने मात्र टीकेत ते फिरवलं. त्याच्या मते फंग आकाशात आणि पाखरू झुडपात, दोघंही आपापल्या वाट्यात राहिले तर सारखेच मुक्त. दिसायला किती समतेचं! पण हाच क्वो श्यांग पुढे नोकरचाकरांनी नोकराच्या वाट्यात समाधान मानावं असंही लिहितो. तो स्वतः दरबारात वजनदार अधिकारी होता, हे सांगायला नकोच.

त्यानंतर काही दशकांतच चीर तुन (३१४ ते ३६६) या बौद्ध भिक्षूने याला हरकत घेतली. आपल्या स्वभावाप्रमाणे वागणं हीच मुक्ती असेल, तर च्ये हा क्रूर राजा आणि चीर हा दरोडेखोर यांचा स्वभावच नासधूस करायचा, मग तेही मुक्तच म्हणायचे का? त्याने त्या प्रकरणावर स्वतःची टीका लिहिली आणि त्या काळच्या विद्वानांनी ती डोक्यावर घेतली.

आणि माझ्या मूळ प्रश्नाबद्दल. या सगळ्या गोष्टी परत काढून पाहिल्या. शंभर फेऱ्यांचा हुकूम राजाचा. कलणारं भांडं राजाच्या आसनाशेजारचं. मेन्सियस ल्यांगच्या हुइ राजाला सांगतो की शेतीच्या हंगामात लोकांना वेठीला धरू नका, तळ्यांत बारीक आसाची जाळी टाकू देऊ नका, कुऱ्हाडी योग्य ऋतूतच रानात जाऊ द्या. समुद्रपक्ष्याची गोष्ट बघा. लूच्या वेशीबाहेर एक समुद्रपक्षी उतरला. राजाने तो मंदिरात आणला, त्याला दरबारी संगीत ऐकवलं, मद्य पुढे केलं, बैल-डुकराचं मांस वाढलं. पक्षी भांबावला, एक घास खाल्ला नाही, तीन दिवसांत मेला. प्रत्येक वेळी मर्यादा दुर्बळाची, पण कानउघाडणी बळवंताची. क्वो श्यांगने ती उलटी फिरवून दुर्बळाच्या कानात सांगितली. आपल्याकडे फिरणारे सुविचार क्वो श्यांगच्या घराण्यातले.

उलटतपासणी

हे मान्य. चीर तुनला माझा नमस्कार सांगा. बदक मागे घेतलं नाही, फक्त बाजूला ठेवलं.

भातवाला

बारीक आसाच्या जाळ्यांवरून. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, मासळीच्या विणीसाठी. बंदी मोडणारा होडीवाला गरीब नसतो हो. पर्ससीनवाला (मोठ्या घेरजाळ्याच्या बोटीचा मालक) असतो. मधुमालतीताई म्हणतात ते इथेही लागू.

पूर्वेचा वारा

यातली आजची भानगड सांगतो. इथल्या टेक कंपन्यांत '९९६' म्हणतात, सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०२१ च्या ऑगस्टमध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा आहे असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी तरुण पोरांत 'आडवं पडणं' ही लाट आली. बढती नको, घर नको, गरजेपुरतं कमवायचं आणि पडून राहायचं. सरकारी वृत्तपत्रांनी त्यावर अग्रलेख लिहून टीका केली. गंमत म्हणजे दोन्ही बाजू जुने दाखले देतात. पोरं च्वांग-त्से काढतात, साहेब लोक मास्तरांचा रान च्यू. ऑफिसात मॅनेजरने 'आत्ताच रेघ आखू नकोस' म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, शनिवारी रात्री.

निवृत्त मास्तर

अरे देवा. माझा रान च्यू असा वापरतात? वही न उघडणारं पोर आणि बारा तास काम केलेलं पोर यांत फरक आहे.

गडकरी नव्हे गडप्रेमी

तीन राज्यांच्या कथेतला चुगे ल्यांग कसा कोणी आणला नाही? तो चीनमध्ये शहाण्यांचा शिरोमणी समजला जातो आणि नेमकं हेच त्याला जमलं नाही. शू राज्याचा महामंत्री. वीस फटके किंवा त्याहून मोठी शिक्षा असेल तर प्रकरण स्वतः तपासायचा. हिशेबाच्या वह्यासुद्धा. त्याचा कारकून यांग योंग एकदा सरळ आत जाऊन म्हणाला, घर चालतं कसं? गडी नांगर धरतो, बाई रांधते, कोंबडा आरवतो, कुत्रा भुंकतो, बैल ओझं ओढतो, घोडा लांबचा पल्ला गाठतो. मालकाने एक दिवस ही सगळी कामं एकट्याने करायचं ठरवलं तर दमून मरेल आणि एकही धड होणार नाही. तो कोंबड्याहून कमअक्कल म्हणून नव्हे, मालकाचं काम सोडलं म्हणून. चुगे ल्यांगने आभार मानले आणि पुढे यांग योंग वारला तेव्हा तो रडला, पण वह्या काही सोडल्या नाहीत.

शेवटची मोहीम २३४ सालची, आजच्या शानशी प्रांतातल्या वूचांग पठारावर. समोर शत्रू स-मा यी. चुगे ल्यांगचा दूत आला तर त्याने सैन्याबद्दल चकार शब्द विचारला नाही. झोप किती, जेवण किती, काम किती, एवढंच. दूताने अभिमानाने सांगितलं, पहाटे उठतात, रात्री उशिरा झोपतात, खातात अगदी थोडं. स-मा यी आपल्या लोकांना म्हणाला, हा काय टिकतोय. त्याच मोहिमेत छावणीत चुगे ल्यांग गेला. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

वैद्यबुवा

स-मा यीने केस हिस्टरी घेतली की हो! झोप, भूक, श्रम. आणखी काय विचारतात?

नटबोल्ट

आणि दूताने अभिमानाने सांगितलं. प्रत्येक कंपनीत असा एक दूत असतो.

मधुमालती

चुगे ल्यांग म्हणजे सारथीही तोच आणि घोडाही तोच. इथे राजाला झापून भागत नाही, एवढं माझ्या वरच्या मांडणीत राहून गेलं होतं. गडप्रेमी, धन्यवाद.

जाता जाता, घोड्यांची गोष्ट शुन-त्सेच्या ग्रंथातही आहे, आणि ती जास्त रसाळ आहे. तिथे लूचा तिंग राजा आणि कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य यन ह्वेइ. राजा विचारतो, तुंगये रथ चांगला हाकतो ना? यन ह्वेइ म्हणतो, चांगलाच हाकतो, पण त्याचे घोडे उधळणार. राजाला राग येतो. तो दरबाऱ्यांना म्हणतो, म्हणजे सज्जन माणसंही चहाड्या करतात तर. तीन दिवसांनी निरोप येतो, तुंगयेचे घोडे उधळले. बाहेरचे दोन जोत तोडून पळाले, आतले दोन तबेल्यात परतले.

यन ह्वेइ कारण देतो ते असं. शुन राजाने आपल्या प्रजेला कधी शेवटच्या टोकापर्यंत नेलं नाही, आणि चाव-फू या सारथ्याने आपल्या घोड्यांना. राजा म्हणतो, आणखी सांग. तर यन ह्वेइ म्हणतो, कोंडीत सापडलेला पक्षी टोचतो, जनावर ओरबाडतं, माणूस खोटं बोलू लागतो. हाताखालच्यांना टोकाला नेऊन स्वतः सुखरूप राहिलेला आजवर कोणी झाला नाही.

उलटतपासणी

'माणूस खोटं बोलू लागतो' हे जबरदस्त. टार्गेट दिलेल्या कुठल्याही खात्याचा मार्चअखेरचा अहवाल उघडा.

निवृत्त मास्तर

राजाला ती उधळल्याची बातमी कळल्यावर तो पुढे काय करतो? यन ह्वेइला बोलावतो कसा?

मधुमालती

मास्तर, तोच तर माझा आवडता तुकडा. बातमी ऐकताच राजा बैठकीवरून ताडकन उठतो आणि हुकूम सोडतो, "रथ जुंपा, यन ह्वेइला ताबडतोब घेऊन या!"

कायप्पाग्रस्त

घोडे कुठले जुंपले म्हणे? ते परत आलेले दोन?